साष्टीची प्रदक्षिणा

दिवाळीची सुट्टी होती. विलेपार्ल्यातील एका जुन्या घराच्या गच्चीवर तीन भावंडे एका सचित्र पुस्तकाभोवती दाटीने बसली होती. पुस्तकाच्या त्या पानावर हिंदी महासागरातील रियुनियन बेटाचे मोठे चित्र होते. ज्वालामुखीच्या मुखातून तांबडालाल लाव्हारस उसळत होता, आणि पूर्वी थिजून काळ्या पडलेल्या लाव्ह्यावरून एक डांबरी रस्ता वळणे घेत समुद्राच्या कडेने गेला होता.

दादा उसासा टाकून म्हणाला, "अशा बेटाभोवती मोटारीने फिरायला मिळाले तर किती बहार येईल! आपल्या नशिबी मात्र पार्ले आणि पार्ल्याच्या गल्ल्या!"

शेजारी आरामखुर्चीत आजोबा वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी वाचत बसले होते. भूगोल शिकवण्यात त्यांची सारी हयात गेली होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारले, "पार्ले कोठे आहे रे?"

"मुंबईत," दादा म्हणाला.

"मुंबईत खरे, पण कोणत्या बेटावर?"

दादा गप्प राहिला. तेव्हा आजोबांनी नकाशा मागवला आणि बोट फिरवून दाखवले. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी, अशा पाण्याने वेढलेले ते साष्टी बेट होते. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचे बेट, यावरून साष्टी हे नाव पडले, असे सांगतात. पार्ले, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी उपनगरे याच बेटावर वसली आहेत. आज पुलांवरून गाड्या धावतात म्हणून ते बेट वाटत नाही. परंतु १८४५ साली माहीमचा बांधरस्ता होईपर्यंत मुंबईहून वांद्र्याला येणाऱ्यांना तेथील खाडी होडीनेच ओलांडावी लागे.

"आणि या बेटाचा कातळ," आजोबा म्हणाले, "तोही ज्वालामुखीचाच आहे. उद्या आपण मोटारीने त्याला प्रदक्षिणा घालू. सारा फेरा पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास होईल."

काकांनी गाडी चालवण्याचे मान्य केले. ताईने प्रवासाची टिपणे ठेवण्यासाठी नवी वही काढली. धाकट्या बाळाला तर त्या रात्री झोपच लागेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मंडळी निघाली. गाडी अंधेरीला पोहोचली, तेव्हा आजोबांनी सहज विचारले, "डब्यांची पिशवी कोणाजवळ आहे?" प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिले. आजीने पहाटे उठून केलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घरी ओट्यावरच राहिली होती! परत जावे तर रस्ते वाहनांनी भरून गेले असते. "चला, जे मिळेल ते खाऊ," असे म्हणून काकांनी गाडी पुढे नेली. ताईने वहीच्या डाव्या पानावर लिहिले : 'संकट पहिले : डबे विसरले.'

पहिला मुक्काम होता अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी. तेथील गल्ली इतकी अरुंद होती, की समोरून पाण्याचा टँकर येताच गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना. बऱ्याच खटपटीने काकांनी ती एका कोपऱ्यात उभी केली आणि सारे पायी निघाले. एका वळणावर दाट वस्तीच्या मधोमध एक प्रचंड काळा सुळका एकाएकी समोर उभा राहिला. बाळाने मान वर केली, ती वरच राहिली. सुमारे ६१ मीटर उंचीचा तो कडा जणू दगडी खांबांची मोळी बांधून उभी केल्यासारखा दिसत होता.

"हे खांब कोणी घडवले?" बाळाने विचारले.

"कोणीही नाही. ते आपोआप झाले," आजोबा म्हणाले. "तळे आटल्यावर त्याच्या तळाचा चिखल कसा होतो, ते तू पाहिले आहेस ना? चिखल सुकताना आकसतो आणि त्याला भेगा पडून पाच-सहा कोनांच्या खपल्या तयार होतात. लाव्हारसाचेही तसेच आहे. तो थिजताना आकसतो, त्याच्या पृष्ठभागाला भेगा पडतात आणि थर जसजसा आत थंड होत जातो, तसतशा त्या भेगाही आत आत शिरतात. मग साऱ्या थराचे असे खांब होतात. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर आणि कर्नाटकात मालप्याजवळच्या बेटांवर असेच खांब पाहण्यासाठी लोक लांबून येतात. आपला खांब मात्र आपल्या घरापासून एवढ्या जवळ असून आपण तो पाहिला नव्हता."

खडकात खोदलेल्या उभ्या पायऱ्या चढून सारे माथ्यावरच्या देवीच्या मंदिरापाशी गेले. खाली चहूकडे इमारतींचा समुद्र पसरला होता. हा कातळ सहा कोटींहून अधिक वर्षांचा आहे. परंतु त्याच्या भोवतीचा दगड खाणींसाठी तोडला गेला आणि एवढाच सुळका उरला. २००७ साली मुंबई महानगरपालिकेने त्याला वारसास्थळाचा दर्जा दिला.

उतरताना बाळाने पायथ्याच्या खडकाची एक सुटत आलेली खपली दोन्ही हातांनी ओढण्यास प्रारंभ केला. आजोबांनी त्याचा हात हळूच बाजूला केला.

"एवढासा तर तुकडा!" बाळ हिरमुसून म्हणाला.

"येथे येणाऱ्या प्रत्येकाने एवढासाच नेला, तर?" आजोबांनी विचारले. बाळाने उत्तर दिले नाही. परंतु त्याचा चेहरा बराच वेळ फुगलेला होता.

तेथून मंडळी अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांकडे गेली. कोंडिविटे या जुन्या गावाच्या टेकडीत बौद्ध भिक्षूंनी कोरलेली ही एकोणीस लेणी आहेत. त्यांतील सर्वांत जुन्या लेण्यांना दोन हजार वर्षे होऊन गेली. एका लेण्यात कातळातच झोपडीसारखे गोल दालन कोरले आहे आणि त्याच्या आत स्तूप आहे. गिल्बर्ट टेकडीचा दगड कठीण, तर येथला त्या मानाने ठिसूळ. ज्वालामुखीचे खडकाचे तुकडे आणि राख एकत्र घट्ट होऊन असा खडक बनतो. तो कोरण्यास सोपा, म्हणून शिल्पकारांना सोयीचा. पण ऊन-पावसाने झिजतोही लवकर. भिंतींवरचे कोरीव काम पुसट झालेले पाहून ताई हळहळली.

आता सर्वांना ओढ लागली होती कान्हेरीची. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कृष्णगिरी या प्राचीन नावाच्या डोंगरात, शंभराहून अधिक लेणी आहेत. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी कोरीव पन्हाळींनी टाक्यांत साठवण्याची तेथील योजना आजोबांना मुलांना दाखवायची होती. वाटेत त्यांनी तिचे इतके रसभरित वर्णन केले, की बाळाचा रुसवाही पळाला.

उद्यानाचे फाटक बंद होते. पहारेकरी नम्रपणे म्हणाला, "आज सोमवार. सोमवारी उद्यान बंद असते."

कोणी काही बोलेना. दादाच्या मनात पुष्कळ काही आले. पण आजोबांना बोलायचे कसे? इतक्यात आजोबाच म्हणाले, "चूक माझी आहे. जन्मभर मुलांना मी सांगत आलो, की प्रवासाला निघण्यापूर्वी चौकशी करावी. आणि स्वतः मात्र वारसुद्धा पाहिला नाही. ताई, लिही तुझ्या वहीत, आणि माझ्या नावासह लिही."

ताईचा हात क्षणभर अडखळला. मग तिने लिहिले. दादाचा राग मात्र तेथेच विरघळला. तो उतरून समोरच्या गाडीवरून केळी आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन आला आणि पहिले केळे त्याने आजोबांच्या हातावर ठेवले.

दहिसर मागे पडले. घोडबंदरजवळ वसईच्या खाडीचे रुंद पात्र दिसू लागले, तेव्हा आजोबांनी गाडी थांबवून सांगितले, "ही आपल्या बेटाची उत्तर सीमा. आता आपण ठाण्याकडे वळायचे." एका बाजूला डोंगराची हिरवी भिंत आणि दुसऱ्या बाजूला अधूनमधून डोकावणारी खाडी, अशा त्या रस्त्याने जाताना डब्यांची आणि बंद फाटकाची आठवणही कोणाला उरली नाही. पण गायमुखजवळ एकाएकी मोठा आवाज झाला, गाडी हेलकावली आणि काकांनी ती सावकाश रस्त्याच्या कडेला आणली. मागचे एक चाक पार बसले होते.

काकांनी खाली वाकून पाहिले. टायरमध्ये एक धारदार, काळा दगड रुतला होता. त्यांनी तो उपसून काढला आणि बाजूला टाकला. मग जादा चाक काढले. पण त्याच्यातही हवा नव्हती! काका कपाळावर हात मारून म्हणाले, "गेल्या महिन्यापासून भरीन भरीन म्हणत होतो." ते रिक्षा करून हवा भरण्याचे दुकान शोधण्यास गेले. बाकीची मंडळी रस्त्यापासून दूर, एका झाडाच्या सावलीत बसून राहिली.

बाळाने तो काळा दगड उचलून आणला होता. "आजोबा, हादेखील लाव्हाच का?"

"हादेखील लाव्हाच. याला बेसॉल्ट म्हणतात. आपण काळा फत्तर म्हणतो."

"मग पुस्तकातला ज्वालामुखी अजून पेटलेला आहे आणि आपला का विझला?"

आजोबांनी क्षणभर विचार केला. "समईच्या ज्योतीवर एक कागद धर आणि तो हळूहळू पुढे सरकव. काय होईल?"

"कागदावर काजळीचे डाग पडत जातील."

"डाग पुढे सरकतील, पण ज्योत?"

"ती जागच्या जागीच राहील."

"तसेच येथे झाले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पृथ्वीच्या पोटात एका ठिकाणी फार मोठी उष्णता आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूभाग तिच्यावर होता. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारसाचे पूर लोटले. एक थर थिजला, की त्यावर दुसरा. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच थर. आजही त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. आपल्या मुंबईचे थर त्या साऱ्यांत अगदी शेवटचे."

"एकामागोमाग एक थर आले, तर मध्ये कोणी जगत नसे का?" ताईने विचारले.

"जगत असे तर! दोन उद्रेकांच्या मध्ये पुष्कळ काळ शांतता असे. मुंबईत वरळीला दोन थरांच्या मधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. लाव्हा थंड झाल्यावर तेथे पाणी साचले आणि पाण्यात बेडूक आले. पुढे आपला भूभाग कागदासारखा उत्तरेकडे सरकत गेला. ज्योत मागे राहिली. तिचे पुढचे डाग समुद्रात पडले. लक्षद्वीप आणि मालदीव यांच्या खालचा सागरतळाचा डोंगर, नंतर सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वीचे मॉरिशस आणि अगदी अलीकडचे तुमच्या पुस्तकातले रियुनियन, ही सारी त्याच ज्योतीची लेकरे. मॉरिशसमध्ये तर मराठी माणसेही आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि आसपासच्या प्रदेशातून त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर मजुरी करण्यासाठी तेथे गेले. ज्या दगडावरून निघाले, त्याच्याच भावंडावर जाऊन ते राहिले."

"म्हणजे आपले साष्टीही रियुनियनसारखे समुद्रातून वर आले?" दादाने विचारले.

"नाही, तो फरक ध्यानात ठेव. रियुनियन ज्वालामुखीने समुद्राच्या तळापासून रचत आणले. साष्टी ही लाव्ह्याच्या भूमीची एक किनार. सखल भागात समुद्राचे पाणी शिरले आणि उंचवटे पाण्याबाहेर राहिले. त्याचे बेट झाले."

तेवढ्यात खडीने भरलेला एक डंपर पुढे जाऊन थांबला. चालक उतरून आला. "काय झालं, बाबा?" त्याने आजोबांना विचारले. हकीकत ऐकून तो हसला. मोठ्या गाडीच्या ब्रेकसाठी दाबलेल्या हवेची टाकी असते. त्या टाकीला नळी जोडून त्याने जादा चाकात हवा भरली, ते चाक स्वतःच बसवून दिले आणि आजोबा पैसे देऊ लागले तेव्हा दोन पावले मागे सरला.

बाळाने त्याला हातातला दगड दाखवला. "आमचे टायर याने फाडले."

चालकाने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ही तर खडी. माझ्याच नाहीतर माझ्यासारख्याच्याच गाडीतून सांडली असणार." मग जरा थांबून तो म्हणाला, "मी खाणीवर कामाला लागलो तेव्हा तिथं डोंगर होता. आता खड्डा आहे, आणि पावसाळ्यात त्यात पाणी भरतं. गवत कापलं तर पुन्हा येतं, पोरा. दगड पुन्हा उगवत नाही."

"मग तुम्ही हे काम का करता?" बाळाने विचारले. आजोबा त्याला आवरणार, तोच चालक म्हणाला, "माझी दोन लेकरं याच्यावर शिकतात. आणि खडी नसेल तर तुमची गाडी चालणार कशावर?"

तो निघून गेला. थोड्या वेळाने काका घामाघूम होऊन रिकाम्या हातांनी परतले आणि बसवलेले चाक पाहून चकितच झाले.

ठाण्याला पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी येथेच आली होती. आताही एक लोकल धडधडत गेली. दादाने रुळांखाली पसरलेली काळी खडी पाहिली आणि तो काहीच बोलला नाही. मुलुंड, भांडुप, घाटकोपर अशी एकेक उपनगरे मागे पडली. उंच इमारती, पुलांचे खांब, रस्ते, पदपथ. जिकडे पाहावे तिकडे मुलांना तोच दगड दिसू लागला. गेटवे ऑफ इंडियाची १९२४ साली पुरी झालेली कमानही पिवळसर बेसॉल्टचीच आहे, असे आजोबांनी सांगितले, तेव्हा ताईने विचारले, "आजोबा, दगडावाचून आपले चालत नाही आणि तोडला तर तो परत येत नाही. मग करायचे काय?"

"लागेल तेवढाच घ्यायचा, घेतलेला वाया घालवायचा नाही, आणि काही ठिकाणी हात लावायचाच नाही," आजोबा म्हणाले. "कोणत्या ठिकाणी लावायचा नाही, ते ठरवण्यासाठी आधी ती ठिकाणे ठाऊक हवीत. आज त्यांपैकी दोन तुम्हांला ठाऊक झाली."

रात्री पार्ल्याला घराचे दार उघडले, तेव्हा आजी डबे समोर ठेवून बसली होती. सारे पुऱ्यांवर तुटून पडले. जेवणानंतर ताईने वही वाचून दाखवली. डाव्या पानावर चार संकटे होती : डबे, टँकर, सोमवार आणि चाक. उजव्या पानावर पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टी होत्या. त्या पुढच्या तीन पानांवर गेल्या होत्या.

"आजोबांची चूक मी खोडू का?" तिने हळूच विचारले.

"मुळीच नको," आजोबा म्हणाले. "तिच्या खाली एवढेच लिही : 'येत्या रविवारी कान्हेरी.'"

या गडबडीत बाळ कोठे दिसेना. तो स्वयंपाकघरात होता. त्याने खिशातला काळा दगड आजीच्या पाट्यावर, वरवंट्याच्या शेजारी ठेवला होता आणि दिव्याच्या उजेडात तो तिन्हींकडे आळीपाळीने पाहत होता.

"आजोबा," तो ओरडला, "हे बघा! आपल्या घरातही ज्वालामुखी आहे!" मग आवाज उतरवून त्याने विचारले, "हा तुकडा मी ठेवू ना? हा मी तोडलेला नाही."

"ठेव," आजोबा म्हणाले. "हा तुझाच."

शब्दार्थ

हयात : आयुष्य. लाव्हारस : ज्वालामुखीतून बाहेर पडणारा वितळलेला खडक. सुळका : उंच, निमुळता खडक. पन्हाळ : पाणी वाहून नेणारी अरुंद नाली. उद्रेक : जोराने बाहेर उसळणे. जीवाश्म : खडकात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष. पाटा-वरवंटा : वाटण्यासाठी वापरण्याचे दगडी साधन.

अभ्यास

१. साष्टी बेटाच्या चारही सीमा नकाशात दाखवा.
२. गिल्बर्ट टेकडीवर दगडाचे खांब कसे तयार झाले, ते चिखलाच्या दाखल्याने स्पष्ट करा.
३. समई व कागद यांच्या दाखल्यातून आजोबांनी कोणती गोष्ट समजावून दिली?
४. साष्टी आणि रियुनियन या दोन बेटांत कोणता फरक आहे?
५. 'दगड पुन्हा उगवत नाही' असे म्हणणारा चालक खडी वाहण्याचे काम का करतो? त्याचे म्हणणे तुम्हांला पटते का? कारणे द्या.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा : हिरमुसणे, कपाळावर हात मारणे, तुटून पडणे.
७. तुमच्या घरात व शाळेच्या परिसरात काळ्या फत्तराच्या कोणकोणत्या वस्तू आहेत, त्यांची यादी करा.